वही, बादली आणि मीटर: घरखर्चाच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

घरखर्च कमी करायचा, असं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी ते दोन गोष्टींवर येऊन थांबतं: दिवे बंद करा आणि बाहेरचं खाणं कमी करा. तीन आठवडे सगळे एकमेकांवर खेकसतात, मग विषय मिटतो. यंदा पद्धत बदलतोय. आधी मोजायचं, मग बोलायचं. प्रकल्प बारा आठवड्यांचा.

साहित्य: एक दोनशे पानी वही, दहा लिटरची खुणा असलेली बादली, स्वयंपाकघरातला वजनकाटा, घड्याळ. वीज आणि पाण्याचे मीटर आहेतच, त्यांच्याकडे फक्त बिल आलं की बघतो.

एक नियम आजच लिहून ठेवतो. वहीत पैसे लिहायचे नाहीत. दर बदलतात, बिलात स्थिर आकार असतात, मागची थकबाकी असते; त्यात आपण काय केलं ते दिसत नाही. युनिट, लिटर, ग्रॅम आणि मिनिटं लिहायची. पैशांचा हिशेब शेवटी एकदाच.

आई म्हणाली, "अरे, मी वीस वर्षं हिशेबाची वही लिहिली, तेव्हा तुम्ही हसायचात." खरं आहे. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाच्या हिशेबाची वही छापून बाजारात आणली. तिकडे ती पद्धत आजही चालू आहे. आमच्या घरची वही मात्र आई थकल्यावर बंद पडली.

११ जानेवारी

पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त मोजण्याचा होता. रोज सकाळी सात वाजता दोन्ही मीटरचे आकडे. एक दिवस विसरलो, तर दोन दिवसांची सरासरी धरली.

माणसं चार. वीज रोज सरासरी १२.४ युनिट. पाणी रोज सरासरी ९४० लिटर.

विजेचा आकडा ऐकून कोणाला काही वाटलं नाही, कारण युनिट म्हणजे काय हे डोळ्यांसमोर येत नाही. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, एवढंच. पाण्याचा आकडा मात्र लगेच समजला. दहा लिटरच्या चौऱ्याण्णव बादल्या! "एवढं पाणी जातं कुठे?" बायकोने विचारलं. मला वाटलं, अंघोळीला. अर्धंच बरोबर निघालं, पण ते पुढे.

१२ जानेवारी, रात्री साडेबारा

सगळे झोपल्यावर मीटरपाशी टॉर्च घेऊन उभा राहिलो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी छापलेलं असतं की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार. आमच्या मीटरवर ३२०० आहे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते बघायचं आणि ११२५ ला त्याने भागायचं. उत्तर वॅटमध्ये मिळतं. अशा साध्या भागाकारासाठी आजवर कोणी मला मीटरपाशी नेलं नव्हतं याचं वाईट वाटलं.

फ्रिज पाच मिनिटं बंद केला. पंखे बंद, दिवे बंद, गिझर बंद. सगळं घर "बंद" असताना मीटर लुकलुकत होताच. दर २५ सेकंदांनी एकदा, म्हणजे ४५ वॅट.

हे चोवीस तास, बारा महिने चालतं. एक वॅट वर्षभर चालला की ८.७६ युनिट होतात. ४५ वॅटचे ३९४. आमच्या महिन्याभराच्या वापराहून जास्त वीज वर्षाकाठी कोणी न वापरलेल्या उपकरणांत जात होती.

१४ जानेवारी

प्लग आणि उपकरण यांच्यामध्ये लावायचा छोटा वीजमापक एका मित्राकडून उसना आणला. विकत घेणार होतो, पण काटकसरीच्या प्रकल्पाची पहिली पायरी खरेदीची असावी हे बरं दिसेना.

घरभर फिरून "बंद" अवस्थेतली वीज मोजली. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स १४ वॅट. चालू असतानाही जवळपास तेवढीच. त्याच्या बटणाने फक्त पुढचा दिवा विझतो. जुना म्युझिक सिस्टीम ९. राउटर ८, पण तो खरोखर वापरात असतो. प्रिंटर ४, संगणकाचे स्पीकर ३, मायक्रोवेव्हचं घड्याळ २. टीव्ही स्वतः अर्धा वॅट, कारण तो नवा आहे. बंद उपकरणाने एका वॅटपेक्षा जास्त घेऊ नये हा विचार १९९० च्या दशकाच्या शेवटी अॅलन मायर या संशोधकाने पुढे आणला आणि पुढे अनेक देशांनी तशा मर्यादा घातल्या. टीव्ही त्यानंतरचा, म्युझिक सिस्टीम त्याआधीचा.

आणि मोबाइलचे चार्जर. या चार्जरवरून मी मुलाला गेली तीन वर्षं रोज रात्री बोलतोय. "चार्जर काढ, वीज काय फुकट येते का?" रिकामा चार्जर मापकाला लावला. शून्य. दुसरा लावला. शून्य. चारही चार्जर एका बोर्डावर लावले तेव्हा कुठे आकडा अर्ध्या वॅटवर आला. एका चार्जरला वर्षाला साधारण एक युनिट.

मुलगा शेजारी उभा होता. काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. "बाबा, सेट टॉप बॉक्स कोण बंद करत नाही?" एवढंच विचारलं. मी करत नाही.

सगळ्याची बेरीज ४१ वॅट आली. मीटर ४५ म्हणतो. ४ वॅट कुठे जातात ते सापडलं नाही. वहीत प्रश्नचिन्ह.

उपाय सोपा होता. टीव्हीजवळची सगळी उपकरणं एका बटणाच्या एक्स्टेन्शन बोर्डावर, संगणकाजवळची दुसऱ्या. झोपताना दोन बटणं. रोजची बचत साधारण ०.७ युनिट.

१८ जानेवारी

पाण्याची पाळी. स्वयंपाकघरातला नळ दोन महिने गळतोय आणि त्याचा आवाज रात्री घरभर ऐकू येतो. त्यावर सगळ्यांचा राग. काल रात्री अकरा वाजता त्याखाली भांडं ठेवलं, सकाळी सात वाजता मोजलं: २.९ लिटर. दिवसाला ८.७ लिटर. थेंबे थेंबे तळे साचे हे खरं, पण ९४० मध्ये ८.७ म्हणजे तळं फारच लहान.

मात्र त्याच रात्री झोपताना पाण्याच्या मीटरचा शेवटचा आकडाही टिपून ठेवला होता. सगळे नळ बंद, रात्री कोणी उठलं नाही. अकरा ते सहा या सात तासांत मीटर ८४ लिटर पुढे गेला. तासाला १२, दिवसाला २८८ लिटर! तेही नि:शब्द.

संशय संडासाच्या टाकीवर गेला. टाकीच्या पाण्यात खाण्याचा गडद रंग दहा-बारा थेंब टाकला आणि वीस मिनिटं कोणी जायचं नाही असं जाहीर केलं. (ही या प्रकल्पातली सर्वांत अलोकप्रिय सूचना ठरली.) वीस मिनिटांनी खाली भांड्यात रंग उतरला होता. टाकीच्या तळाची रबरी झडप कडक होऊन नीट बसत नव्हती. पाणी भिंतीला चिकटून इतकं सावकाश उतरतं की आवाज होत नाही, धार दिसत नाही. वर टाकी आपली गुपचूप भरत राहते.

ज्या नळाच्या आवाजाने आम्ही हैराण होतो, त्याचे थेंब वजा करूनही त्याच्या बत्तीस पट पाणी इथून जात होतं.

२० जानेवारी

दोन्ही दुरुस्त्या झाल्या. नळाचं वायसर मी बदललं: मुख्य कॉक बंद, नळ उघडून उरलेलं पाणी काढून टाकलं, वरचं डोकं पान्याने उघडलं, जुनं वायसर काढून त्याच मापाचं नवं बसवलं. एकूण पंचवीस मिनिटं. त्यातली दहा मिनिटं कॉक शोधण्यात गेली. घरातल्या प्रत्येकाला तो आज दाखवून ठेवला. झडपेसाठी प्लंबरला बोलावलं, कारण टाकी भिंतीत बसवलेली आहे आणि मला माझी हद्द कळते.

रात्रीची मीटरपरीक्षा पुन्हा घेतली. काटा हलला नाही.

२५ जानेवारी

गिझर. पन्नास लिटरचा आहे आणि दिवसभर चालूच असतो. ओळखीतले एक काका ठामपणे सांगतात की तो सतत चालू ठेवलेलाच बरा, कारण थंड झालेलं पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते. मीही हे वर्षानुवर्षं लोकांना सांगितलंय.

गेल्या सहा रात्री प्रयोग केला. रात्री अकरा ते सकाळी सात, कोणी गरम पाणी वापरायचं नाही. तीन रात्री गिझर चालू, तीन रात्री बंद, बाकी सगळं सारखं. एकाच रात्रीवर विसंबलो नाही, कारण गिझर मधूनमधून चालू होतो आणि नेमका सात वाजता चालू झाला तर आकडा फसवतो. सरासरीतला फरक ०.४७ युनिट निघाला. दिवसाला १.४ युनिट, नुसतं पाणी गरम ठेवण्यासाठी.

काकांचं कुठे चुकतं ते कागदावर मांडलं तेव्हा समजलं. टाकीतून उष्णता बाहेर जाण्याचा वेग आतल्या पाण्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. पाणी जितकं गरम, गळती तितकी जास्त. गिझर बंद केला की पाणी थंड होत जातं आणि गळतीही मंदावत जाते. पुन्हा तापवताना तेवढीच उष्णता घालावी लागते जेवढी बाहेर गेली, आणि ती चालू ठेवल्यापेक्षा नेहमीच कमी असते. भोक पडलेली बादली दिवसभर काठोकाठ भरलेली ठेवायची, की लागेल तेव्हा भरायची, असा हा प्रश्न आहे.

आता सकाळी अंघोळीआधी लावायचा आणि शेवटच्याने बंद करायचा. शेवटचा कोण, यावर पहिल्याच दिवशी वाद झाला.

२७ जानेवारी

उत्साहात गिझरचं तापमान ७० वरून थेट ४५ वर आणणार होतो. थांबलो ते बरं. साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियात एका संमेलनाला आलेल्या माणसांना झालेल्या न्यूमोनियामुळे ते ओळखले गेले. साठवणीच्या गरम पाण्याचं तापमान ६० अंशांपेक्षा खाली ठेवू नये, अशी शिफारस असते. ६० वर ठेवला. आईच्या वयाचं माणूस घरात असताना यात काटकसर नको.

१ फेब्रुवारी

शॉवरखाली बादली धरली आणि घड्याळ लावलं. दहा लिटरची बादली ३८ सेकंदांत भरली. मिनिटाला जवळजवळ १६ लिटर. पाच मिनिटांची अंघोळ म्हणजे ७९ लिटर.

आता त्याची वीज. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात. हा आकडा कुठल्याही कंपनीला, कुठल्याही तंत्रज्ञानाला बदलता येत नाही. आमच्या नळाचं पाणी थर्मामीटरने २२ अंश भरलं, अंघोळीचं ४०. अठरा अंशांचा फरक. ७९ लिटरला १.६५ युनिट.

आई शॉवर वापरत नाही. तिची बादली मोजली: सोळा लिटर. ०.३३ युनिट. बरोबर पाचवा हिस्सा.

म्हणजे आम्हा तिघांच्या अंघोळीला रोज पाच युनिट, एकूण वापराच्या चाळीस टक्के. आणि मी चार्जर काढत फिरत होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. चार्जर डोळ्यांना दिसतो, त्याचा दिवा चमकतो, तो उपटला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. गरम पाणी नाल्यात जाताना काहीच दिसत नाही. एका चार्जरच्या वर्षभराच्या विजेत माझी एक अंघोळही होत नव्हती.

बादलीवर या, असं घरात सांगून बघितलं. बायकोच्या चेहऱ्याकडे बघून विषय बदलला. शॉवरचं डोकं बदललं. बारीक छिद्रांचं, हवा मिसळणारं. पुन्हा बादली: ७५ सेकंद. मिनिटाला ८ लिटर. पाणी कमी झाल्याचं पहिले दोन दिवस जाणवतं, मग नाही.

५ फेब्रुवारी

कपडे. मशीन रोज लागायचं, ६० अंशांवर, बहुतेक वेळा अर्धं रिकामं. एका फेरीला मापकावर ०.८५ युनिट. तेच थंड पाण्यात ०.१८. उरलेली सगळी वीज पंधरा-सोळा लिटर पाणी तापवण्यात जाते. ड्रम फिरवायला फारशी लागतच नाही.

आता आठवड्याला पाच फेऱ्या, मशीन भरल्यावरच. त्यातली एक ६० अंशांची, चादरी आणि टॉवेलसाठी. कोणी आजारी असेल तर त्याचे कपडेही त्यात. बाकी थंड. हल्लीच्या बऱ्याच पावडरींमध्ये एन्झाइम असतात, ती बेताच्या तापमानाला काम करतात आणि फार गरम पाण्यात निकामी होतात. तेलाचे डाग मात्र थंड पाण्यात हट्टी असतात. त्यांना आधी थोडा साबण चोळून ठेवावा लागतो.

पावडर काट्यावर मोजली. आम्ही अंदाजाने घालत होतो ९० ग्रॅम. पाकिटावर आमच्या मापाच्या कपड्यांना ५५. जादा पावडर कपड्यात राहते, म्हणून काळ्या कपड्यांवर पांढरे ओघळ यायचे, म्हणून आम्ही एकदा जास्त खळबळायचो. आता डब्यात चमचा टाकला आहे आणि चमच्यावर खूण.

८ फेब्रुवारी

आजचा प्रयोग फसला.

तुंबलेल्या बेसिनसाठी सोडा आणि व्हिनेगर हा उपाय दहा ठिकाणी ऐकला होता. अर्धी वाटी सोडा, वर व्हिनेगर. जोरदार फेस, मुलगा खूश. पाणी जिथल्या तिथे.

नंतर विचार केला तर हे चालायचं कारणच नव्हतं. एक अल्कली, एक आम्ल. दोघं एकमेकांना संपवतात. उरतं पाणी, थोडं सोडियम अॅसिटेट आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. फेस म्हणजे दोन कामाच्या गोष्टी वाया जाताना होणारा आवाज. वेगवेगळं वापरलं तर दोन्ही उपयोगी: सोडा चिकट भांडी घासायला, व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल नळावरचे पांढरे क्षार काढायला. इलेक्ट्रिक किटलीतला क्षारांचा थर दोन चमचे सायट्रिक आम्ल आणि गरम पाण्याने अर्ध्या तासात साफ झाला; नंतर दोनदा पाणी उकळून टाकून दिलं.

बेसिन शेवटी तारेच्या आकड्याने मोकळं झालं. केसांचा बोळा निघाला. आता जाळी बसवली.

घरच्या सगळ्यांसाठी मोठ्या अक्षरांत: ब्लीच कुठल्याही आम्लात मिसळायचं नाही. क्लोरीन वायू होतो. बाटल्या वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या.

१२ फेब्रुवारी

दिवे. बैठकीत ६० वॅटचा एक जुना पिवळा बल्ब उरला होता, रोज पाच तास. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी लावला. वर्षाला ९३ युनिट वाचतील. अडगळीच्या खोलीतही तसाच बल्ब आहे, रोज जेमतेम तीन मिनिटं लागतो. तो बदलला तर वर्षाला एकही युनिट धड वाचत नाही. तोच बल्ब, तोच बदल, फरक शंभर पट. अडगळीतला तसाच ठेवला. जाईल तेव्हा जाईल.

फ्रिजच्या दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघितली. एका कोपऱ्यात सहज सुटली. रबर गरम पाण्याने पुसून, थोडं ओढून सरळ केलं. मागची जाळी धुळीने लोकरीसारखी झाली होती, ती झाडली. रोज १.२४ युनिटचे १.०७ झाले. अपेक्षेपेक्षा कमी, पण अर्ध्या तासाचं काम होतं.

२२ फेब्रुवारी

फेकलेलं अन्न दोन आठवडे वजन करून लिहिलं. साली, बिया, देठ सोडून. पहिल्या आठवड्यात ३.१ किलो! आम्ही कधीच अन्न टाकत नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगभरच्या घरांत माणशी ७९ किलो अन्न वाया गेलं. त्यात साली-बियाही धरलेल्या आहेत, माझ्या वजनात नाहीत. आमच्या पहिल्या आठवड्याच्या हिशेबाने माणशी ४० किलो होतात. फार पाठ थोपटून घेण्यासारखं नाही.

काय फेकलं, ही यादी जास्त बोलकी. शिजवलेलं उरून वाया गेलेलं फारच थोडं. बहुतेक सगळं फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात विसरलेली पालेभाजी, अर्धी वापरून मागे सरकलेली पाकिटं आणि "घरात आहे" हे माहीत नसल्याने दुसऱ्यांदा आणलेल्या वस्तू. स्वयंपाकाचा दोष नाहीच, सगळा गोंधळ खरेदीचा आणि मांडणीचा.

दोन बदल केले. फ्रिजच्या डोळ्यांसमोरच्या फळीवर एक उघडा डबा, ज्यात लवकर संपवायच्या वस्तू. आणि खरेदीला निघताना फ्रिजचा एक फोटो. पिकलेली फळं पालेभाजीपासून दूर ठेवली. त्यांतून इथिलीन वायू निघतो आणि शेजारची भाजी पिवळी पडते. दुसऱ्या आठवड्यात १.४ किलो.

खरेदीचंच आणखी एक. मोठं पाकीट स्वस्त पडतं, या समजावर मी वाढलो. एकोणीस वस्तूंचे दर शंभर ग्रॅमला किती पडतात ते काढलं. चार वस्तूंत लहान पाकीट स्वस्त निघालं. आणि जे मोठं अर्धं फेकलं जातं, ते कुठल्याच भावात स्वस्त नाही.

१ मार्च

आज वहीचा नियम मोडून पैशांकडे वळलो, कारण काही खर्चांना लिटर-ग्रॅम नाहीत. बँकेच्या खात्याचा बारा महिन्यांचा उतारा काढून, दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या रकमांवर रंग फासला. अकरा निघाल्या. प्रत्येकीसमोर एकच प्रश्न: गेल्या नव्वद दिवसांत किती वेळा वापरलं?

तीन ठिकाणी उत्तर शून्य. त्यांतली एक तर मोफत महिन्यासाठी घेतलेली, दीड वर्षापूर्वी. सुरू करायला एक बटण पुरलं होतं, बंद करायला अठ्ठावीस मिनिटं, दोन फोन आणि "तुम्ही का सोडून जाताय?" या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. वैताग. पण तीनही बंद झाल्या. पैशांत बघितलं तर त्या अठ्ठावीस मिनिटांनी दिवे, फ्रिज आणि पावडर यांच्या एकत्र बचतीपेक्षा जास्त दिलं.

३ मार्च

त्याच उताऱ्यात दुसरं एक दिसलं ते लिहायला लाज वाटते. क्रेडिट कार्डाची थोडी थकबाकी मी सहा महिने पुढे ढकलत होतो, महिन्याला ३ टक्के व्याजाने. बारा त्रिक छत्तीस, असं मनात होतं. चक्रवाढीने ते वर्षाला ४२.६ टक्के होतं. दुसरीकडे बचत खात्यात त्याहून मोठी रक्कम नगण्य व्याजावर पडून होती, "अडीअडचणीला" म्हणून. अडचण हीच होती. आज भरून टाकली.

बायकोने वही बघितली आणि विचारलं, "आणि तू माझ्या शॉवरची मिनिटं मोजत होतास?"

१० मार्च

झोपायच्या खोलीतला पंखा मंद फिरतो, सुरू करताना हाताने ढकलावा लागतो. दुकानदार म्हणाला, नवा घ्या. अशा लक्षणांत बऱ्याचदा दोष कपॅसिटरचा असतो. इलेक्ट्रिशियन त्याला कंडेन्सर म्हणतात. मुख्य स्विच बंद करून, झाकण खाली उतरवून जुना काढला. त्यावर २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं होतं, तोच आकडा बघून नवा बसवला. जास्त आकड्याचा लावू नये. पंखा जोरात फिरेलही, पण मोटर तापते. पंखा पूर्वीसारखा झाला. चाळीस मिनिटं, स्टुलावरून उतरताना लागलेला अंगठा धरून.

साबण घरी करायचा बेत मात्र रद्द. कॉस्टिक सोडा, साचे, हातमोजे आणि दोन रविवार. नाकापेक्षा मोती जड.

२१ मार्च

काहीतरी बिघडलंय. गेले दहा दिवस वीज रोज पाव-अर्धा युनिट वर सरकते आहे. मीटर, फ्रिज, गिझर सगळं तपासलं. शेवटी न्हाणीघराबाहेर घड्याळ घेऊन उभा राहिलो. मुलाची अंघोळ पाच मिनिटांची सात मिनिटांवर गेली आहे. "आता शॉवर कमी पाणी घेतो ना, मग काय हरकत आहे?"

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हेच कोळशाबद्दल लिहिलं होतं. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली, म्हणून कोळसा कमी लागेल असं लोकांना वाटत होतं. झालं उलट, कारण इंजिन परवडू लागल्यावर ते जास्त ठिकाणी वापरलं गेलं. आमच्या न्हाणीघरात तेवढं नाही झालं. सात मिनिटांचे ५६ लिटर पूर्वीच्या ७९ पेक्षा कमीच आहेत. त्याला बोललो नाही. चार्जरचं कर्ज अजून फिटायचं आहे.

२८ मार्च

बारा आठवडे झाले. शेवटच्या सात दिवसांची सरासरी: वीज ७.६ युनिट, पाणी ५३० लिटर.

विजेत रोज ४.८ युनिट कमी. त्यातले २.१ शॉवरचे, ०.९ गिझर बंद ठेवण्याचे, ०.७ "बंद" उपकरणांचे, ०.६३ कपड्यांचे. दिवा आणि फ्रिज मिळून अर्ध्या युनिटच्या आतच. पाण्यातल्या ४१० लिटरपैकी २७९ एकट्या रबरी झडपेचे.

वापर ३९ टक्क्यांनी कमी झाला, पण विजेचं बिल ३१ टक्क्यांनीच. स्थिर आकार वापर कितीही असला तरी लागतोच. बायकोला आधी सांगून ठेवायला हवं होतं, तिने ३९ धरून ठेवले होते.

गिझर शेवटचा कोण बंद करणार हा वाद चालूच आहे. पावडरीचा चमचा दोनदा हरवला. फ्रिजमधल्या डब्यात काल तीन दिवसांचं काहीतरी सापडलं, म्हणजे डोळ्यांसमोर असलेलंही माणूस बघत नाही. वीजमापक मित्राला परत द्यायचा आहे.

२९ मार्च

मुलगा दुपारी मीटरपाशी उभा होता. मुख्य पेटीतले स्विच एकेक खाली करत तो लुकलुक मोजत होता. मी सांगितलं नव्हतं. "बाबा, ते चार वॅट सापडले."

दाराची घंटी. तिचा छोटा ट्रान्सफॉर्मर दाराच्या वर, लाकडी पेटीच्या आत, कायम जोडलेला. हात लावला तर कोमट. घंटी वाजवा अथवा न वाजवा, तो चालूच. वर्षाला ३५ युनिट. आमच्याकडे लोक दारावर टकटकच करतात. घंटी आठवड्यातून दोनदा वाजली तर वाजते. मी स्टूल आणि पक्कड घेऊन आलो.

आई आतून बाहेर आली. "टकटक मला आतल्या खोलीत ऐकू येत नाही रे."

स्टूल परत ठेवलं. वहीत प्रश्नचिन्ह खोडून तिथे घंटी लिहिलं.